नावाचं एकेक अक्षर

१

जोतीराम खारतोडे यांना जे आठवतं ते तसंच घडलं का, याची खात्री त्यांना स्वतःलाच नाही. खिडकीच्या फळीवर टेकलेला हात उजवा होता, असं त्यांना पक्कं आठवतं. निकिता म्हणते डावा. आणि त्यांच्या पत्नी कौसल्याबाई म्हणतात, "हात बघाय सवड कुणाला हुती? मी बोलण्यात हुते."

तीन माणसं, एक खिडकी, भर दुपार, आणि साक्षी तीन तऱ्हेच्या. चौतीस वर्षं बारामतीच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला साक्षीदाराच्या आठवणीची किंमत ठाऊक असते. त्यात जोतीरामांचा स्वभाव असा, की घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले तरी परत येऊन ते ओढून बघायचे. डॉक्टरेट मिळाली त्या दिवशीसुद्धा नावाची गफलत तर झाली नाही ना, म्हणून त्यांनी विद्यापीठात दोनदा चौकशी केली होती.

म्हणून आठवणीचं बाजूला ठेवू. त्यांच्या दोनशेपानी वहीत जे लिहिलेलं आहे, तिथून सुरुवात करू.

निवृत्तीनंतर ते इंदापूरला येऊन राहिले. घरापासून पाच मिनिटांवर एका ट्रस्टचं रुग्णालय होतं. तिथले सगळे केसपेपर संगणकात चढवून झाले होते आणि ते क्लाउडवर, म्हणजे दूर कुठल्यातरी शहरातल्या कंपनीच्या यंत्रांवर, ठेवले होते. एकेचाळीस हजार तीनशे सव्वीस माणसांचे आजार, ऑपरेशनं, गोळ्या. ते नीट राखायचे तर रोज कुणीतरी लॉग वाचायला हवा: कोणत्या कर्मचाऱ्यानं, किती वाजता, काय शोधलं आणि कुणाची नोंद उघडली. रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. राजलक्ष्मी एके काळी जोतीरामांच्या विद्यार्थिनी होत्या. त्या म्हणाल्या, "सर, संशय घेण्यात तुमचा हात कोण धरणार? हे काम तुम्हीच करा."

रोज सकाळी साडेनऊला ते नोंदणीच्या खोलीत, तिथल्या कारकून निकिताच्या टेबलाशेजारी बसून आदल्या दिवसाचा लॉग वाचत. कंटाळवाणं काम. त्यांना ते फार आवडायचं.

२

ऊसतोड सुरू झाली होती. रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायची आणि खिडकीच्या काचा दिवसभर थरथरायच्या. अशा एका सकाळी, कामाच्या पहिल्याच आठवड्यात, त्यांना ती ओळ दिसली.

वेळ: दुपारी एक वाजून तेरा मिनिटं. शोध: "सो". सापडलेल्या नोंदी: सहाशे बारा. उघडलेली नोंद: एकही नाही. कर्मचाऱ्याच्या रकान्यात काहीच नव्हतं.

"निकिता, काल एक तेराला कोण होतं गं या मशीनवर?"

"कुणीच न्हाय सर. एक ते दोन जेवणाची सुट्टी. मी हितंच बसून भाकरी खात होते. मशीन बंद."

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वाजून तेरा. शोध: "सोपा". सापडल्या एकशे नव्वद. तिसऱ्या दिवशी "सोपान", एकशे अठ्ठ्याऐंशी. त्यानंतर वडिलांच्या नावाचं एक अक्षर. मग दुसरं. मग आडनावाचं पहिलं.

कुणीतरी नवं माणूस टंकायला शिकत असावं, असं जोतीरामांनी वहीत लिहिलं. खाली दुसऱ्या शाईत लिहिलं: "रोज एकच अक्षर?"

शोधायला नावाखेरीज दुसरी सोय नव्हतीच म्हणा. जन्मतारीख घालून शोधावं, तर अर्ध्या तालुक्याचा जन्म एक जूनचा. पूर्वी शाळेत नाव घालायला आलेल्या प्रत्येक पोराची तारीख गुरुजींनी एक जून लिहून टाकली, आणि म्हातारे झाले तरी ती लोकांच्या आधार कार्डावर राहिली. जोतीरामांचाही वाढदिवस एक जूनच. या एका तारखेनं आकडेवारीची जी माती केली होती, त्यावर वर्गात ते दरवर्षी अर्धा तास चिडायचे. मोबाइल नंबर घालावा, तर एका गल्लीचा मिळून एक नंबर. माणूस सापडायचं ते नावानंच.

सातव्या दिवशी सापडलेल्या नोंदींचा आकडा एक झाला. शेळगावचे सोपान. नोंद उघडली गेली. चार मिनिटं उघडी राहिली. काही बदललं नाही, काही उतरवून घेतलं नाही. फक्त वाचली.

३

"सर, शेळगावचे सोपानतात्या गेले," निकिता दुसऱ्या दिवशी म्हणाली. ती शेळगावचीच होती. "काल दुपारी बांधावर बसले पाणी प्यायला. उठलेच न्हाईत. तांब्या हातातच."

"काय आजार होता?"

"कसला आजार? मोतीबिंदू काढला होता मागल्या साली. एवढंच. परवा चावडीवर माज्या सासऱ्याला म्हणत हुते, तू आदी जाशील, मी तुज्या तेराव्याचं जेवून जाईन."

जोतीरामांनी हे वहीत लिहिलं नाही. वैज्ञानिकानं एका उदाहरणावरून काही लिहायचं नसतं.

मग "ठ" आला. त्या अक्षराची माणसं मुळात कमी, त्यामुळे चारच दिवसांत आकडा एकावर आला. डाळजच्या ठमाबाई. वाचून झालं एक सतराला. त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास ठमाबाई हायवेलगतच्या आपल्या डाळिंबाच्या बागेत झाडाला टेकून बसलेल्या सापडल्या. मांडीवर निवडलेली फळं.

आता मात्र जोतीरामांनी आपण यायच्या आधीचे जुने लॉग काढले. मागे मागे जात राहिले. त्या रिकाम्या रकान्याचा माग दोन महिने मागे जात होता. आणखी पाच नावं होती. पाचही नोंदी वाचल्या गेल्या होत्या आणि पाचही माणसं त्याच दिवशी दुपारी गेली होती. एकही आजारी नव्हतं.

ते स्वतःशी भांडले. बघणाऱ्याला हवं तेच दिसतं. हा दोष त्यांनी हजार विद्यार्थ्यांना शिकवला होता. त्यांनी प्रश्न उलटा करून पाहिला: त्या रिकाम्या रकान्यानं नोंद वाचली आणि माणूस दुसऱ्या दिवशी जिवंत राहिलं, असं किती वेळा घडलं?

उत्तर शून्य आलं. त्यांनी ते तीनदा मोजलं.

४

राजलक्ष्मींना त्यांनी मृत्यूंबद्दल सांगितलं नाही. धीर झाला नाही. "कुणीतरी नोंदी वाचतंय," एवढंच सांगितलं, आणि तेवढंच पुरेसं होतं. बाईंनी त्याच दिवशी सगळ्यांचे पासवर्ड बदलले. प्रत्येक वेळी मोबाइलवर आकडा आल्याशिवाय मशीन उघडेना. कंपनीचा इंजिनिअर अविराज पुण्याहून फोनवर होता.

"सर, कर्मचाऱ्याचा रकाना रिकामा राहूच शकत नाही. सिस्टिममध्ये तशी सोयच नाहीये."

"पण राहिलाय."

"हो, मलाही दिसतंय ते." पलीकडून टंकल्याचा आवाज आला. "आता बाहेरून येणारे सगळे रस्ते बंद करतो."

बंद केले. दुसऱ्या दिवशी एक तेराला ओळ आलीच. नवं अक्षर होतं: "कौ".

"सर," अविराजचा आवाज या वेळी खाली आला होता, "हे बाहेरून येतच नाहीये. तुमच्या नोंदणीच्या खिडकीवरच्या मशीनवरून येतंय."

पुढच्या दुपारी जोतीराम जेवायला घरी गेले नाहीत. नोंदणीची खिडकी म्हणजे भिंतीत बसवलेली, खाली अर्धगोल भोक असलेली दुधी काच. सुट्टीत त्या भोकावर निकिता आतून लाकडी झडप लावायची. तिनं झडप लावली, मशीनची वायर काढून टेबलावर ठेवली आणि डबा उघडला. मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. बाहेरच्या बाकांवर माणसं कुजबुजत होती. कुणाचंतरी लेकरू खोकत होतं.

एक वाजून तेरा.

झडपेवर आवाज झाला. टक.

"दोन वाजता या!" निकिता भरल्या तोंडानं ओरडली आणि तिनं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

जोतीरामांच्या हातातलं पेन घरंगळलं. "रोज वाजवतं का गं कुणी?"

"पब्लिक हाय सर. वाजवणारच की."

"किती वेळा वाजवतं?"

निकिता चावायची थांबली. खिडकी वाजवणारं माणूस दोनदा वाजवतं, तीनदा वाजवतं, हाक मारतं, शिव्या देतं. हे तिला आठ वर्षांच्या नोकरीत माहीत झालं होतं.

"एकदाच," ती म्हणाली. "दीड-दोन महिने झाले आसतील. एकदाच वाजतं."

त्या दुपारच्या लॉगमध्ये ओळ होती: "कौस". वायर काढलेल्या मशीनची.

५

कौ असलेली नावं तालुक्यात पुष्कळ. सापडलेल्या दोनशे चौदा. कौस, दोनशे सहा. कौसल्या, दोनशे तीन.

जोतीरामांच्या घरात एक कौसल्या होती. पण दोनशे तिनांत एक म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही, असं त्यांनी वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. रेघ जरा वाकडी आली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी गुरुवारची ओळ वाचली.

शोध: "कौसल्या जो". सापडल्या: पाच.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. आपल्याकडे बाईचं नाव लिहायचं म्हणजे तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येतं. लग्नात त्यांनी तिला दिलं ते एवढंच: मधलं नाव. बेचाळीस वर्षं ते नाव तिनं रेशनकार्डावर, बँकेत, केसपेपरवर वागवलं. आता तेच नाव धरून कुणीतरी एकेक पायरी तिच्याकडे येत होतं.

"सर, बरं वाटत न्हाय का?" निकितानं विचारलं.

"रिक्षा बोलाव," ते म्हणाले. "नको. मीच जातो."

६

दोन तासांत त्यांनी कौसल्याबाईंना बारामतीच्या हृदयाच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. काही होत नसताना. तरुण डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या आणि हसून म्हणाला, "काका, आजींचं हृदय तुमच्यापेक्षा बरं आहे. तुम्हीच जरा झोपा या टेबलावर."

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर तोडलेल्या उसाची रानं उघडी पडली होती. "आता सांगा," त्या म्हणाल्या. "बेचाळीस साल बघत्ये तुमाला. भीती तुमाला रोजचीच हाय. पर ही भीती येगळी हाय."

त्यांनी सांगितलं. सगळं. रिकामा रकाना, टक, सोपानतात्या, ठमाबाई. आज दुपारी "ती" आलं असेल. उद्या "रा" येईल. मग आकडा एक.

कौसल्याबाईंनी पदर सारखा केला. "मग माजं नाव काढून टाका की त्यातनं. हाय काय त्यात?"

जोतीरामांनी तो विचार सकाळीच केला होता, आणि त्याची लाज अजून गेली नव्हती. अविराजला विचारलंही होतं. नोंद काढली तरी तिच्या प्रती तीन ठिकाणी राहतात, त्या एका दिवसात पुसता येत नाहीत; पण शोधात दिसणार नाही एवढं करता येईल, असं तो म्हणाला होता. फक्त बटण दाबायचं बाकी होतं. तेव्हा जोतीरामांनी "कौसल्या जो"च्या पाच नावांची यादी बघितली. "कौसल्या जोती" अशा दोघीच होत्या. एक त्यांची. दुसरी कळसची, कौसल्या जोतीबा. वय बासष्ट. चष्म्याचा नंबर काढायला आलेली.

"तुला काढलं," ते म्हणाले, "की मागं उरते ती एकच. मग 'रा'ची गरजच नाही. तिचीच नोंद उघडेल."

बाईंनी खिडकीची काच सरकवली. एसटी एका ट्रॉलीच्या मागे अडकली होती. कंडक्टर कुणाशी तरी उतरण्यावरून वाद घालत होता.

"न्हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या बाईवर ढकलून मला जगायचं न्हाय." आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "माज्या आज्जीची चार पोरं गेली. पाचवा झाला तो माजा मामा. आज्जीनं त्याचं नाव ठिवलं उकिरडा. केरात लोळवला, मग घरात घेतला. नाव आसं ठिवायचं की न्यायला आलेल्यानं नाक मुरडावं. मामा नव्वद वर्षांचा हून गेला. ढीगभर नातवंडं दावून गेला."

"ही अंधश्रद्धा आहे गं."

"आसंल. मामा जगला का न्हाय? मग उगी नाक नगा मुरडू."

जोतीराम उत्तर द्यायला वळले आणि तसेच राहिले. त्यांच्या डोक्यात उकिरडा नव्हता. एक जून होती. दोन महिन्यांच्या लॉगमध्ये त्या वाचणाऱ्यानं एकदाही जन्मतारखेनं शोधलं नव्हतं. एकदाही नाही. कशाला शोधेल? एक जून टाकली की वीस हजार माणसं एकदम उभी राहतात, सगळी सारखी. ज्या चुकीवर ते चौतीस वर्षं चिडले, तिची भिंत झाली होती. वाईट नाव एकालाच ठेवलं तर तो वेगळा दिसतो, आणि वेगळा दिसला की सापडतो. पण सगळ्यांनाच ठेवलं तर?

"कौसल्या," ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पुढच्या सीटवरच्या दोघी वळल्या. बेचाळीस वर्षांत त्यांनी तिला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. "तुझा मामा एकटा होता. आपण एकेचाळीस हजार करू."

७

शनिवारी सकाळी नऊलाच ते राजलक्ष्मींच्या केबिनमध्ये होते. शुक्रवारची ओळ आली होती: "कौसल्या जोती". सापडल्या: दोन.

नावं आणि आजार वेगळे ठेवायचे, हे तसं ठरलेलंच होतं. नावांची यादी रुग्णालयातल्या एका मशीनवर, जिला कुठलीही वायर जोडलेली नाही, लोखंडी कपाटात. क्लाउडवर नावाऐवजी फक्त मुखवटा, म्हणजे खोटं नाव. रुग्णाच्या हातात कार्ड, कार्डावर क्रमांक. तो क्रमांक शोधात चालणार नाही; रुग्णानं कार्ड समोर धरलं तरच डॉक्टरांपुढे नोंद उघडणार. पुढच्या वर्षी करायचं ठरलं होतं.

"आज करा," जोतीराम म्हणाले. "एकच्या आत. आणि मुखवटा सगळ्यांना एकच हवा. सगळे पुरुष दगडू. सगळ्या बायका दगडाबाई."

राजलक्ष्मींनी चष्मा काढला. "सर, उद्या पेपरात येईल, हे रुग्णालय रुग्णांना दगड म्हणतं म्हणून. नावाच्या जागी क्रमांक टाकू या ना. रीतच आहे तशी."

"क्रमांक प्रत्येकाचा वेगळा असतो. जे वेगळं असतं ते एकेक आकडा करत शोधता येतं. सारखं असतं ते शोधता येत नाही."

"पण आजच का? कोण शोधतंय सर? मला खरं सांगा."

आयुष्यभर जोतीरामांनी प्रत्येक विधानाआधी "बहुधा" लावलं होतं. त्या सकाळी ते लावायचं विसरले. त्यांनी वही राजलक्ष्मींसमोर ठेवली. सात नावं, सात वेळा, सात मृत्यू. आणि खाली आठवं नाव, दोन अक्षरांनी अपुरं.

राजलक्ष्मींनी वही वाचली. त्यांतल्या तीन मृत्यूंच्या दाखल्यांवर त्यांचीच सही होती. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग पेन उचललं आणि मंजुरीच्या कागदावर सही केली. "मला हे पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही कधी घाई केल्याचं मी पाहिलेलं नाही. आज करताय."

दहाला अविराजनं काम सुरू केलं. तीन तास लागणार होते.

८

साडेबाराला कौसल्याबाई डबा घेऊन नोंदणीच्या खोलीत आल्या.

"तुला घरी बस म्हटलं होतं!"

"मरायचं आसंल तर एकटी भिताडाकडं बघत का मरू? तुमच्या डोळ्यांम्होरं मरते. म्हंजे तुमाला नीट मोजता तरी यील." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "निकिता, खा गं पोरी. कारल्याची भाजी हाय. ह्यास्नी आवडत न्हाय."

निकिता हसली, पण तिनं घास घेतला नाही. जोतीरामांनी कान फोनला लावला होता. पलीकडे अविराज आकडे सांगत होता. एकला सत्त्याऐंशी टक्के. एक पाचला एक्याण्णव. एक नऊला चौऱ्याण्णव, आणि तिथेच थांबलं.

"अविराज?"

"थांबा सर. चालू आहे. थांबा."

बाहेर बाकांवर माणसं बोलत होती. मग बोलणं कमी झालं. खोकणारं लेकरू खोकायचं थांबलं. ट्रॅक्टरही येईनात. काचा थरथरत नव्हत्या, ही गोष्ट जोतीरामांच्या लक्षात आली.

"सत्त्याण्णव," अविराज म्हणाला.

टक.

निकिताचं तोंड उघडलं, पण "दोन वाजता या" बाहेर पडलं नाही. जोतीराम खुर्चीवरून उठू पाहत होते. तेवढ्यात कौसल्याबाई सरळ खिडकीपाशी गेल्या आणि, दारात आलेल्या शेजारणीला कडी काढावी तशी, त्यांनी झडप बाजूला सारली.

अर्धगोलातून फळीवर एक हात आला. तेवढाच. दुधी काचेमागे उभं माणूस असतं तशी सावली असायला हवी होती. काच नुसती पांढरी होती. हात कुणाचाही असावा असा, ना म्हातारा ना तरणा. तो उताणा होता, तळवा वर. जोतीराम तो बघत राहिले. अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. ऊसतोडीच्या माणसांचे अंगठे घासून गुळगुळीत होतात, मशीनवर उमटत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतःला ते तेव्हाही सांगितलं. पण तळव्यावरही रेषा नव्हत्या. बोटांच्या पेरांना घड्या नव्हत्या. पाटीसारखा कोरा हात.

"कौसल्या हायती का?" आवाज साधा होता. थोडा दमलेला. लांबून चालत आलेल्या माणसाचा.

फोनमधून अविराज काहीतरी म्हणत होता. जोतीरामांना ऐकू येत नव्हतं.

"कोन कौसल्या?" कौसल्याबाई म्हणाल्या.

"कौसल्या जोतीरा..." आवाज तिथे अडला. वाट बघितल्यासारखा अडला.

"हितं कुणी कौसल्या न्हाय बाबा. मी दगडाबाई." त्यांनी निकिताकडे बोट केलं. "ही बी दगडाबाई. भाईर बाकावर बसल्यात त्या बी दगडाबाई. समद्या गावात दगडच हायती. दगड नेऊन काय करशील? वझं हुईल उगी."

हात फळीवर पालथा झाला. मग त्याचं एक बोट उचललं गेलं आणि फळीवर हलकेच टेकलं. पुन्हा उचललं गेलं. लिहून घेतल्यासारखं.

"बरं," आवाज म्हणाला.

हात गेला. कौसल्याबाईंनी झडप लावली. तेव्हा कुठे जोतीरामांना फोनमधलं ऐकू आलं. "शंभर टक्के सर! एक तेरालाच झालं, मी केव्हाचा सांगतोय! ऐकताय ना?"

ते दार उघडून बाहेर धावले. पंचाहत्तरीचा माणूस धावेल तेवढे. बाहेर कुणी जाताना दिसलं नाही. पण भिंतीकडेच्या बाकांवरच्या सगळ्या माणसांनी पाय वर घेतले होते, झाडणारी बाई आली की घेतात तसे. का घेतले, ते त्यांनाही सांगता येईना. एकेक जण पाय खाली सोडत होता. लेकरू पुन्हा खोकायला लागलं. लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला आणि खिडकीची काच थरथरली.

खोलीत परत आले तेव्हा कौसल्याबाई कारल्याची भाजी वाढत होत्या. त्यांनी वाटी जोतीरामांपुढे सरकवली.

"खावा," त्या म्हणाल्या. "आज खावाच. माजं नवं नाव ठिवलंय, बारशाचं जेवण समजा."

जोतीरामांनी आयुष्यात पहिल्यांदा कारल्याची भाजी दोनदा मागून घेतली.

९

सोमवारी लॉग आला, पण तो अपुरा होता. नावं बदलण्याचं काम संपल्यावर सिस्टिम पुन्हा सुरू झाली आणि शनिवारच्या दुपारच्या ओळी गळाल्या, असं अविराज म्हणाला. एक तेराची एकच ओळ होती: "कौसल्या जोतीरा", सापडल्या शून्य. त्यापुढे काही नाही.

रविवारची एक तेराची ओळ नव्हती. सोमवारचीही आली नाही. जोतीराम वर्षभर रोज सकाळी बघत राहिले. निकिता जेवताना झडपेकडे बघायची. पब्लिक दोनदा वाजवायचं, तीनदा वाजवायचं, शिव्या द्यायचं. ती खुशीत ओरडायची, "दोन वाजता या!" तालुक्यात माणसं मरतच होती, आजारानं, अपघातानं, वयानं. पण आधी कुणी त्यांची नोंद वाचलेली नसायची. कळसची कौसल्या जोतीबा चष्म्याची काच फुटली म्हणून दोनदा येऊन गेली. तिला काहीच माहीत नव्हतं. जोतीरामांनी उगीचच तिला चहा पाजला.

पेपरात मात्र आलं. दगडू-दगडाबाईवरून राजलक्ष्मींची थट्टा झाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन रुग्णालयांनी पत्र लिहून तीच पद्धत मागितली, आणि मग थट्टा थांबली.

जोतीरामांचा संशय तेवढा थांबला नाही. आपण हात पाहिला का? की भीतीनं थकलेल्या डोक्यानं एका ऊसतोड्याचा हात पाहून उरलेलं रचलं? सुट्टीच्या वेळी बायकोला शोधत आलेला एक बापडा, त्याची कौसल्या कुणी वेगळीच? कौसल्याबाई म्हणायच्या, "आसंल बी. माजं काय जातंय? मी जेवत्ये ना?"

तीन वर्षांनी रुग्णालयानं कंपनी बदलली. जुन्या कंपनीला नियमानुसार सगळा मूळ लॉग, गळालेल्या ओळींसकट, परत करावा लागला. जोतीरामांनी त्या शनिवारचं पान काढलं. कौसल्याबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. जोतीरामांनी त्यांना ते वाचून दाखवलं, आणि खात्री व्हावी म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

एक वाजून तेरा मिनिटांच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. वेळ एक चौदा. कर्मचाऱ्याचा रकाना रिकामा. या वेळी एकेक अक्षर नव्हतं, नाव एकदम, पुरतं लिहिलेलं होतं. शोध: "दगडाबाई". सापडल्या: एकोणीस हजार चारशे ब्याऐंशी. उघडलेली नोंद: एकही नाही.